थरथरत्या हातांचा पोवाडा

अरविंदकाकांना मी प्रथम पाहिले ते अमेरिकेतल्या डब्लिन गावी, आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात. मी नागपूरहून नुकतीच शिकायला आले होते. काका पुलांची तपासणी करणाऱ्या खात्यात इंजिनिअर होते आणि रस्त्यावरचा बर्फ हटवणाऱ्या एका ट्रक ड्रायव्हरवर स्वतः रचलेला पोवाडा गात होते. मध्येच जेवण लागल्याची घोषणा झाली आणि हॉल रिकामा झाला. उरलो सहा-सात जण. काकांनी पोवाड्याचा एकही चौक, एकही कडवे गाळले नाही.

राजांचे पोवाडे पुष्कळ झाले, असे ते म्हणत. त्यांनी गायिले ते ट्रकवाले, नर्सेस, मोटेलात चादरी बदलणाऱ्या बायका.

दुसऱ्या हिवाळ्यात माझे बाबा गेले. व्हिसा अडकला होता, मला जाता आले नाही. काका आणि सुधाकाकू पिठलं-भात घेऊन आले. काकांनी सांत्वन केले नाही. बाबा काय काम करायचे, एवढेच विचारले. बाबा लाइनमन होते. वादळात तुटलेल्या तारा जोडायला खांबावर चढायचे. मी बोलत राहिले, ते ऐकत राहिले.

महिन्याभराने त्यांनी बाबांवरचा पोवाडा फोनवरून माझ्या आईला ऐकवला. ‘निर्भय वीर’ हे शब्द आले तसे आईने त्यांना थांबवले.

“ते भ्यायचे हो. खांबावर चढायच्या आधी दर वेळी त्यांचे हात थरथरायचे. तरी चढायचे.”

 काका म्हणाले, “वहिनी, चुकलं माझं. दुरुस्त करतो.”

आठवड्याने त्यांनी नवा चौक म्हणून दाखवला. त्यात बाबांची भीती होती. बाबा गेल्यापासून आई प्रथमच रडली.

त्याला आता बरीच वर्षे झाली. गेल्या वर्षी घशाच्या ऑपरेशनमध्ये काकांचा आवाज गेला. आता ते कुजबुजल्यासारखे बोलतात. मागच्या महिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, “दमलो गं. आता तू गा.” नोकरी, रोजचे ड्रायव्हिंग, इंग्रजीतच उत्तरे देणारी मुले, मीही दमलेलीच होते. तरी मी हो म्हणाले. त्यांना नाही म्हणणे मला अजून जमलेले नाही.

काकांना पंच्याहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. त्या आयुष्यात आपण कोणी त्यांच्याकडे नवे काही मागू नये. त्यांनी पहिल्या रांगेत निवांत बसावे, आमचे बेसूर गाणे ऐकावे आणि शब्द चुकला तर फक्त हात वर करावा. आम्ही थांबू.