दोघींना आलेली एकच चिठ्ठी

मेटगळ्ळीच्या शिलाई कारखान्यात मी शर्टांना कॉलरी लावायची आणि माझ्या शेजारच्या मशीनवर ती बाह्या जोडायची. टी. नरसीपूरहून रोज दोन बस बदलून यायची. माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान, मला अक्का म्हणायची. आमच्या घरात मराठी, तिच्या घरात कन्नड, आणि कारखान्यात सगळा व्यवहार कन्नडमध्येच. तिचं बोलणं मी इथे माझ्या भाषेत सांगते आहे.

एका वर्षी कारखान्याच्या आवारात तपासणीची गाडी आली. चाळिशी उलटलेल्या बायकांनी छातीचा फोटो काढून घ्यायचा, असं सुपरवायझरने सांगितलं. तेवढीच मशीनपासून सुटका, म्हणून आम्ही हसत-खिदळत रांगेत उभ्या राहिलो. आत गेल्यावर यंत्राच्या गार पाट्यांमध्ये छाती दाबून धरली, तेव्हा हसू गेलं. पंधरा दिवसांनी आमच्या लाइनमधल्या आम्हा दोघींनाच चिठ्ठी आली. माझी लेक इंग्रजी वाचते. तिने दोन्ही वाचल्या.

"आई, काही आहे असं लिहिलेलं नाही. पण काही नाही, असंही नाही. दोघींनाही पुन्हा तपासायला बोलावलंय."

त्या दिवसापासून आंघोळ करताना मी हात लावून बघायला लागले. एके दिवशी काहीतरी लागायचं, दुसऱ्या दिवशी तिथेच काही लागायचं नाही.

आम्ही एकाच दिवशी रजा टाकून दवाखान्यात गेलो. मशीन बिघडलेलं होतं. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो, फोटो निघाले. डॉक्टरीण तरुण होती, समजावून सांगायची. म्हणाली, "तुम्हा दोघींच्याही छातीची ठेवण दाट आहे. फोटोत सगळं पांढरंच दिसतं. आपण स्कॅनिंग करून बघू." स्कॅनिंगची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली. ते झालं, तर दोघींनाही सांगितलं की सुईने बारीक तुकडा काढून तपासावा लागेल.

परतताना बसमध्ये ती म्हणाली, "एक गोष्ट कळायला किती वेळा कपडे उतरवायचे, अक्का? मला दुखत नाही, खुपत नाही. मी नाही येणार आता."

मी तिची समजूत घातली, पण थोडीच. तिची सासू अंथरुणाला खिळलेली, दोन बसचा प्रवास, वर सुपरवायझरची बोलणी. तिला आणखी काय सांगणार? मी एकटीच गेले. पहिल्या वेळी काढलेला तुकडा पुरेसा नव्हता म्हणून पुन्हा बोलावलं. दुसऱ्या वेळी सुई टोचताना मी छताकडे बघत राहिले. भीती कधीच दमून गेली होती. होय म्हणा की नाही म्हणा, पण एकदा काय ते सांगा, एवढंच वाटत होतं.

शेवटी डॉक्टरीण म्हणाली, "साधी गाठ आहे, कॅन्सर नाही. सहा महिन्यांनी मात्र दाखवून जा."

आनंद व्हायला हवा होता. मी बाहेर बाकावर बसले, बाटलीतलं पाणी प्याले, आणि पुष्कळ वेळ उठावंसंच वाटेना.

दुसऱ्या दिवशी तिला सांगितलं. तिचा चेहरा उजळला. "बघ, म्हणजे माझंही तसंच असणार. उगाच हेलपाटे घातलेस."

तसं नसतं, हे मला ठाऊक होतं. तरी मी गप्प बसले. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं, की आता तिला घेऊन पुन्हा त्या रांगेत उभं राहायला नको. पुढे सासूपायी तिने काम सोडलं आणि तिची रोजची भेट संपली.

सहा महिन्यांनी मी दाखवायला गेले तेव्हा डॉक्टरणीने विचारलं, "तुमच्याबरोबर येणाऱ्या बाईंनी दुसरीकडे तपासून घेतलं का?" "विचारून सांगते," मी म्हटलं.

त्याच रविवारी मी टी. नरसीपूरला गेले. ती अंगणात भांडी घासत होती. मला बघून हात धुतले, कॉफी केली. मी विषय काढला तशी म्हणाली, "परत तेच सांगतील. नक्की कळत नाही, पुन्हा या."

"सांगू देत," मी म्हटलं. "माझी गाठ साधी निघाली म्हणून तुझीही साधीच असेल, असं नाही. तेव्हाच हे बोलायला हवं होतं, मी बोलले नाही."

तिने पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. मग म्हणाली, "सासूजवळ कुणीतरी बसायला बघते. मंगळवारी चालेल?"

तिची गाठ साधी नव्हती. डॉक्टरणीने शांतपणे सगळं सांगितलं: ऑपरेशन, मग औषधं. ती ऐकून घेऊन एवढंच म्हणाली, "बरं झालं, कळलं तरी." मी डॉक्टरणीला बाजूला घेऊन विचारलं, सहा महिने आधी आली असती तर? ती म्हणाली, "कदाचित थोडं कमी काढावं लागलं असतं. खात्रीने कसं सांगू?"

ऑपरेशन झालं. औषधांनी केस गेले, ते पुन्हा आले, आधीपेक्षा कुरळे. तिचा डावा हात सुजतो, त्या हाताने घागर उचलता येत नाही. तिने मला कधी दोष दिला नाही, आणि तो विषय मीही परत काढला नाही.

आता आम्ही दोघी वर्षातून एकदा एकाच दिवशी तारीख घेतो. गेल्या खेपेला रांग फार लांब होती. ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. तिचं नाव पुकारलं तेव्हा तिला हलवून उठवावं लागलं.