शाकाहारी साडू आणि ओटागोचा ट्राउट

न्यूझीलंडच्या दक्षिणेकडच्या सेंट्रल ओटागोत पोचल्यावर पहिल्या दुपारीच मी एका शेताचं फाटक लावलं. उघडं होतं, म्हणून लावलं. लहानपणी आईनं ‘दार ओढून घे, कुत्रं शिरेल’ असं इतक्या वेळा बजावलंय की हात आपोआप जातो. त्या फाटकातूनच मेंढ्या पलीकडे पाण्यावर जातात, हे मला कुठून कळणार? आम्ही नदीवरून रिकाम्या हातानं परतलो, तेव्हा अख्खा कळप फाटकाला नाक लावून उभा होता आणि शेताची मालकीण चारचाकी मोटरसायकलवर बसून आमची वाट बघत होती.

“फाटक कोणी लावलं?” तिनं विचारलं.

माझे साडू मिलिंदराव एकदम डोंगर न्याहाळू लागले. एरवी माणूस फार बोलका आहे.

“मी,” मी म्हणालो. “सभ्यपणा म्हणून.”

“इथं फाटक दिसेल तसं ठेवायचं. उघडं तर उघडं, बंद तर बंद.” मग तिची नजर आमच्या गळाच्या काठ्यांवर गेली. “मिळालं काही?”

“नाही.”

“मिळणारही नाही. महिनाभर पाऊस नाही. दुपारी नदीचं पाणी कपडे भिजत घालावेत इतकं कोमट असतं. त्या टेकडीमागं झऱ्याचा ओढा आहे, गार पाण्याचा. उद्या उजाडताना जा. आणि फाटक...”

“दिसेल तसं,” आम्ही दोघं एका सुरात म्हणालो.

ओढ्याचं नाव मी इथं लिहीत नाही. मिलिंदरावांनी शपथ घातली आहे.

मिलिंदरावांची ओळख करून द्यायला हवी. माझ्या बायकोच्या, सुजाताच्या, धाकट्या बहिणीचे हे यजमान. हॅमिल्टनला राहतात, तिथल्याच ‘ते रापा’ नावाच्या भागात एका कारखान्यात इंजिनिअर आहेत आणि जन्मात त्यांनी अंडंसुद्धा खाल्लेलं नाही. असा हा माणूस दर रविवारी ट्राउट पकडतो, दोन्ही हातांत धरून फोटो काढतो, तो घरच्या ग्रुपवर टाकतो आणि मासा पाण्यात सोडून देतो. मी मालवणचा. माशाच्या डोक्याच्या कालवणावर वाढलेला. गेली तीन वर्षं ऑकलंडच्या फ्लॅट बुश भागातल्या घरी बसून मी त्या फोटोंना लाइकचा अंगठा देत आलो आहे. ज्याच्या ताटात मासा येणार नाही, त्याच्याच हातात तो येतो, याला न्याय म्हणत नाहीत.

त्यात या देशाचा कायदा असा, की ट्राउट विकताही येत नाही आणि विकतही मिळत नाही. नदीवर जाण्याआधी मासेमारीचे परवाने काढायला गावातल्या डेअरीत (म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, दूध तिथं असतं, पण बाकीही सगळं असतं) गेलो, तेव्हा सुजातानं भोळेपणानं फ्रीजकडे बघत विचारलं, “ट्राउट आहे का?”

दुकानदार म्हातारा हसला. “ट्राउट खायचा तर स्वतः पकडायचा, नाहीतर पकडणाऱ्याशी मैत्री करायची.”

सुजाता वळली आणि मिलिंदरावांकडे बघून म्हणाली, “आमच्या नात्यात आहे एक.”

तिथल्या तिथे मी जाहीर केलं, की या सहलीत तिला ट्राउट मीच खायला घालीन. स्वतः पकडून. तिनं फक्त लिंबं घेतली.

हा मुलुख न्यूझीलंडच्या कॅलेंडरातला नव्हे. हिरवं काही नाही. टेकड्या तापलेल्या तव्यासारख्या, त्यांवर टसॉकचे (कोरड्या पिवळ्या गवताचे) झुबके, मधूनच वर आलेले काळे खडक आणि हवेत रानटी ओव्याचा वास. झुडूप थाइमचं, पण वास थेट ओव्याचा. सुजातानं पाला चुरगळून हुंगला आणि “भज्यांत घालता येईल” असा निकाल दिला. आम्ही उतरलो होतो त्या क्रिबचा (सुट्टीपुरत्या छोट्या घराचा) पत्रा संध्याकाळपर्यंत कडकड वाजत होता. मेव्हणी म्हणाली, “ताई, आपण सोलापूरला आलोय का गं?”

सकाळी ओढ्यावर पोचलो. मिलिंदरावांनी दोरीला बांधलेला थर्मामीटर पाण्यात सोडला, बघितला आणि मान डोलावली. पाणी गार होतं. काचेसारखं स्वच्छ, ढांगेत ओलांडावं एवढं अरुंद, काठाला विलोच्या झाडांची सावली. असल्या पाण्यात दोघांनी एकदम गळ टाकायचा नसतो. एकानं उंचावर उभं राहून मासा हेरायचा, दुसऱ्यानं टाकायचा. मासा लागला किंवा बुजून पळाला, की पाळी बदलते. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून असतो, म्हणून चोरासारखं मागून जायचं. दोऱ्याच्या टोकाला केसांचा आणि फोमचा नकली नाकतोडा. मासा तो गिळतो तेव्हा लगेच ओढायचं नाही. इथले लोक तेवढा वेळ जावा म्हणून मनात राणीला दीर्घायुष्य चिंतून मग ओढतात.

“आपण ‘गणपती बाप्पा मोरया’ म्हणायचं,” मिलिंदराव म्हणाले. “पूर्ण. मग ओढायचं.”

माझी पहिली पाळी संपली, कारण माझी सावली पाण्यात पडली. दुसरी संपली, कारण नाकतोडा विलोत अडकला. तिसऱ्या वेळी एका भल्या मोठ्या माशानं शांतपणे वर येऊन तोंड उघडलं आणि मी ‘गण’लाच हिसडा दिला.

“घाई केलीत, श्रीकांतराव.”

“कळलं.”

“खायचा विचार डोक्यात असला की असं होतं.”

आणि ते खरं होतं. मधल्या वेळात मिलिंदरावांनी दोन काढले. दोन्ही मीच हेरून दिले होते, हे लक्षात घ्या. मी वरून ‘डावीकडे, अजून दोन हात, थांबा’ करत राहायचं, त्यांनी अलगद टाकायचं, आणि मग तो सोनेरी, लाल ठिपक्यांचा देह त्यांच्या हातांत. फोटोही मीच काढायचा. दुसरा मी मुद्दाम हलवला.

ऊन चढू लागलं. मिलिंदरावांनी पुन्हा थर्मामीटर टाकला. “शेवटची पाळी. मग थांबू. पाणी तापल्यावर मासा दमला तर सोडूनही जगत नाही. घ्या, तुमची.” आणि ते खडकावर चढले. “विलोच्या मुळाशी. दिसला? नाही दिसला तरी चालेल. मी सांगतो तिथं टाका.”

मी टाकला. नाकतोडा कधी नव्हे तो नाकतोड्यासारखा पडला. खालून एक सावली उठली. तोंड उघडलं, मिटलं. मी अख्खा मोरया म्हटला, वर खात्रीसाठी ‘मंगलमूर्ती’ही जोडलं. मग ओढलं.

पुढचं सगळं धड आठवत नाही. मी गुडघाभर पाण्यात होतो, चष्मा एका कानाला लोंबत होता, आणि मिलिंदराव माझ्यापेक्षा जास्त आनंदानं जाळी घेऊन धावत आले. जाळीत मासा होता. त्यांच्या दोन्हींपेक्षा मोठा.

“ताईंना आवडेल,” ते म्हणाले. “एक नेला तर नियमात बसतं. मला साफ करता येणार नाही, पण पिशवी आणलीय मी. तुमच्यासाठी.”

माझ्यासाठी पिशवी. स्वतः दोन सोडून, माझ्या हावरेपणाची सोय घरून आणलेली. त्या क्षणी मिलिंदराव मला साधू दिसले आणि मी स्वतःला मांजर.

“छे,” मी म्हणालो. “सोडू या. जगू दे बिचाऱ्याला.”

“नक्की?”

“हे काय विचारणं झालं?”

त्यांनी फोटो काढला. मी मासा पाण्यात धरला. त्यानं शेपटी हलवली आणि गेला. मिलिंदरावांनी माझ्या पाठीवर थाप मारली. क्रिबपर्यंत मी फार उदार मनानं चालत गेलो.

सुजातानं रवा, तिखट आणि कोकमाचं आगळ मांडून ठेवलं होतं. फोटो बघितला, “मोठा होता हो,” म्हणाली आणि तव्याखालचा गॅस बंद केला. दुपारी वरणभात झाला, लिंबू पिळून.

ऑकलंडला परतलो. विमानतळावरून मोटरवेला लागेपर्यंत माझ्या फोटोला घरच्या ग्रुपवर हॅमिल्टन, ठाणे, मालवण सगळीकडून अंगठे आले. मिलिंदरावांनी लिहिलं, ‘खरा मच्छीमार.’ सुजाता गाडी चालवत होती, तिला मी ते वाचून दाखवलं. तीन वर्षांचा हिशेब मिटल्यासारखं वाटत होतं. तिनं लेन बदलली, आरशात बघितलं.

“मिलिंदरावांना खायचा नसतो, म्हणून ते सोडतात,” ती म्हणाली. “तुम्ही माझा मासा कुणाला दाखवायला सोडलात?”