शिवाजीराव सायकलवरून उतरले, त्याची गोष्ट

ग्वाल्हेरच्या थाटीपुरात शिवाजीरावांची ओळख म्हणजे त्यांचं उतरणं. सायकलवर चढतात सगळेच, पण उतरावं कसं ते शिवाजीरावांनी दाखवावं. समोरून वडीलधारं माणूस आलं की हे खाली. देऊळ आलं, खाली. दर्गा आला, खाली. कुणाची अंत्ययात्रा दिसली तर उतरून, टोपी काढून, ती वळणाआड जाईपर्यंत उभे. नोकरीत होते तेव्हा साहेबांची गाडी जाताना उतरायचे, आणि साहेब बदलून गेले तरी गाडी तीच आहे म्हणून उतरायचे. थाटीपुराहून इंदरगंजच्या कचेरीत जायला दुसऱ्याला वीस मिनिटं लागायची, ह्यांना पन्नास. एकतीस वर्षं रोज उशीर झाला, पण उद्धट कुणी म्हणालं नाही.

ही त्यांच्या वडिलांची शिकवण. घराणं शिपाईगिरीचं. पूर्वज दक्खनेतून आले ते घोड्यावर बसून, असं घरात सांगतात. तसं तर ग्वाल्हेरात पायी आलेला मराठा पूर्वज कुणाच्याच घरात सापडायचा नाही. एवढे घोडे तेव्हा होते तरी कुठे, हे मात्र कुणी विचारत नाही.

शिवाजीरावांची मुलगी शिखा तिकडे पोर्तुगालात नोकरीला. तिला डोंगरातून सायकल मारायचा नाद लागला. बाबा निवृत्त झाले तसा तिने फोनवर हट्टच धरला, की या, तुम्हाला बेटावर नेते. समुद्राच्या मधोमध बेट आहे, सगळं जंगलाचं, आणि ज्वालामुखी विझून त्याच्या तोंडात पाणी साचलंय, त्याचे तलाव झालेत. त्यांच्या काठाकाठाने, डोंगरावरून, सायकलने जायचं. शिवाजीरावांना नाही म्हणता आलं नाही. मुलीने तयारीसाठी इथेच एक डोंगरी सायकल घरपोच पाठवली. टायर असे जाड की ट्रॅक्टरच्या पोराचे वाटावेत. कॅरिअर नाही, घंटी नाही, स्टँडसुद्धा नाही.

त्यांच्या पत्नी सुमनताईंनी सायकलभोवती दोन फेऱ्या मारल्या. म्हणाल्या, "अहो, भाजीची पिशवी हिला कुठे अडकवायची?"

सरावाला शिवाजीराव किल्ल्याकडे गेले. किला गेटच्या वाटेने सायकल वर नेता येत नाही, म्हणून उरवाई दरवाजाचा चढ धरला. तिथे खडकात मोठमोठे तीर्थंकर कोरलेले. एवढ्या देवमाणसांपुढून सायकलवर बसून जायचं म्हणजे बरं दिसत नाही. एकापुढे उतरले, पुन्हा बसेपर्यंत दुसरे आले. महिनाभर असा सराव झाला आणि शिवाजीराव चालण्यात तयार झाले.

आता मंडळाचं सांगते. समाजाचं मंडळ आहे, दरसाल संमेलन भरतं, कर्तबगार माणसाला शाल, नारळ आणि मानपत्र मिळतं. त्या साली कर्तबगार कुणी सापडेना. शिवाजीराव निघणार होते ते संमेलनानंतर दहा दिवसांनी, पण प्रमुख पाहुण्यांना दुसरी तारीख नव्हती. तेव्हा अध्यक्ष विक्रमसिंह म्हणाले, सत्कार आधीच उरकून घेऊ. मानपत्र लिहायचं काम सचिव अभिरामरावांचं. त्यांच्याकडे पूर्वापार चालत आलेला एकच मसुदा. त्यात कुणा वीराने घोड्यावरून खाली न उतरता मुलूख सर केलेला असे. अभिरामरावांनी घोडा काढला आणि सायकल घातली. बाकी वीर तोच.

तर भर सभेत वाचलं गेलं की शिवाजीरावांनी 'घनदाट अरण्यातले डोंगर आणि ज्वालामुखीची सरोवरे, क्षणभरही खाली न उतरता, सर केली.' टाळ्या पडल्या. शिवाजीराव हळूच म्हणाले, अहो, मी अजून गेलोच नाही. विक्रमसिंहांनी त्यांच्या खांद्यावर शाल नीट बसवली आणि म्हणाले, जाणार आहात ना? मग झालं.

विमानात बसले तरी डोक्यात एकच, खाली उतरायचं नाही. सगळ्यांसमोर मानपत्र घेतलंय.

बेटावर पहिल्या सकाळी दहाबारा जण निघाले, पुढे तिथला वाटाड्या, मागे सामानाची गाडी. दोन्ही बाजूंनी निळ्या फुलांची कुंपणं, वर देवदारासारखी उंच झाडं, ओल्या मातीची वाट. शिवाजीरावांनी पायडल असं मारलं की शिखा बघत राहिली. पाच मिनिटं गेली आणि वाटेत एक छोटंसं देऊळ आलं, त्यांच्या मेरीमातेचं. शिवाजीरावांनी दात आवळले, मानपत्र आठवलं, आणि तसेच पुढे गेले. शंभर पावलं गेले असतील नसतील. मग पाय जड झाले. सायकल वळवली, मागे आले, उतरले, हात जोडले. एकदा उतरल्यावर मग राहिलं काय? पुढच्या वळणावर दुधाच्या किटल्या घेतलेली एक म्हातारी येत होती, अंगात काळी वस्त्रं. तिच्यासाठी उतरले. तिला वाटलं ह्यांची सायकल बिघडली. तिने घरातल्या म्हाताऱ्याला हाक मारली, तो हवेचा पंप घेऊन धावत आला. त्याच्यासाठी उतरायला आता जागा नव्हती, म्हणून वाकून नमस्कार केला. मग गाईंचा कळप. मग एक कबरस्तान. तिथे तर टोपी काढून किती वेळ, ते विचारू नका.

शिखा मागे आली, घामाने भिजलेली. "बाबा, प्लीज, अब मत उतरना. सगळे वाट बघतायत. आणि इथे तुम्हाला ओळखतं कोण?"

"म्हणून तर उतरायचं, बेटा," शिवाजीराव म्हणाले. "ओळखीचे समजून घेतात. ह्यांना काय वाटेल?"

वरून धुकं यायला लागलं. धुकं बसलं की तलाव दिसत नाहीत, म्हणून वाटाड्याने शिवाजीरावांना सायकलसकट सामानाच्या गाडीत घातलं. गाडी वर पोचली तेव्हा खाली दोन तलाव होते, एक हिरवा, एक निळा, मधे नुसता पूल. शिवाजीरावांनी आयुष्यात एवढं सुंदर काही पाहिलं नव्हतं, आणि मानपत्र आठवून त्यांना ते बघवेना. कुणीतरी त्यांचा फोटो काढला, सायकल धरून उभे असताना. शिखाने तो घरच्या ग्रुपवर टाकला. जेवायच्या आत तो मंडळात फिरला आणि अभिनंदनांचा पाऊस पडला.

परतल्यावर स्टेशनवर हार घेऊन विक्रमसिंह हजर. शिवाजीरावांनी तिथेच सांगून टाकलं, मी उतरलो, पुष्कळदा उतरलो, वर तर गाडीतून गेलो. विक्रमसिंहांनी मागे वळून सगळ्यांना सांगितलं, बघा, एवढं करून माणूस किती नम्र. पुन्हा टाळ्या. मग शिवाजीराव जो भेटेल त्याला सांगत सुटले. जितकं सांगावं तितकं नाव वाढे. घरात सुमनताईंना सांगितलं, तेव्हा त्यांनी कणीक मळता मळता एवढंच विचारलं, त्या म्हातारीचं दूध सांडलं तर नाही ना?

एवढ्यावर मिटलं असतं. पण मंडळाची एक शौर्यवही आहे, त्यात कायमची नोंद करायचं ठरलं. वार्षिक सभेत ठराव यायचा होता. सभेच्या आदल्या संध्याकाळी शिवाजीराव अध्यक्षांच्या घरी गेले आणि म्हणाले, ही नोंद करू नका.

विक्रमसिंहांनी दार लोटून घेतलं. "शिवाजीराव, लिहिलंय ते राहू द्या. तुमचं पान खोटं निघालं तर लोक मागची पानं उघडतील. सातव्या पानावर माझे आजोबा आहेत."

"आजोबांचं मला माहीत नाही. मी उतरलो होतो."

"कुणाला कळणार आहे?"

शिवाजीराव चालत घरी आले. सुमनताईंना म्हणाले, मी उतरलो नाही असं लिहून ठेवलं, तर ज्यांच्यासाठी उतरलो ती माणसं वाटेवर नव्हतीच, असं होईल. ती म्हातारी, तो पंपवाला. आणि इथली सगळी. माझ्या हातून आयुष्यात तेवढं एकच नीट झालंय. सुमनताईंनी ताट वाढलं.

सभेत ठराव वाचला गेला. बाजूने हात वर करा म्हटल्यावर हातच हात. अभिरामरावांनी चष्मा सावरून मोजले, त्रेचाळीस. विरुद्ध कुणी आहे का, हे नुसतं विचारायचं म्हणून विचारलं. शिवाजीराव उभे राहिले आणि हात वर केला. सभा हसली. स्वतःच्या सत्काराविरुद्ध मत देणारा माणूस मंडळाने आजवर पाहिला नव्हता. तेवढ्यात बायकांच्या ओळीतून सुमनताईंचा हात वर आला.

त्रेचाळीस विरुद्ध दोन. शिवाजीराव सायकलवरून उतरले नाहीत, असं बहुमताने ठरलं. अभिरामराव वही मिटायला लागले, कारण विरुद्ध पडलेल्यांची नावं लिहायची मंडळात पद्धत नाही. शिवाजीराव पुढे गेले, वही मागून घेतली, खिशातलं पेन काढलं आणि ठरावाच्या खाली दोन्ही नावं आपल्या हाताने लिहिली. आधी सुमनताईंचं.