बबनच्या डॉल्बीवर एक शांत अल्बम

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही हो. चार खुळी माणसं दर महिन्याला एका जागी बसायला लागली की ते आपोआप साचतात, दुकानाच्या कोपऱ्यात वायरी साचतात तसे. एक सोडवायला जावं, तर तीन बाहेर येतात!

आमचं खूळ म्हणजे सायट्रान्स आणि ॲम्बियंट. माहीत नसेल तर सांगतो. सायट्रान्स म्हणजे मशीनवर बनवलेलं, तासभर पळत सुटलेलं संगीत. ॲम्बियंट त्याच्या बरोबर उलट. एक सूर लागला की दहा मिनिटं जागचा हलत नाही. दोन्हीत शब्द नाहीत. आणि हे ऐकणारे आम्ही कुठले? तर सातारा-सांगलीचे!

मी उंब्रजला हायवेलगत ठिबकच्या पाइपचं दुकान चालवतो. शैलाताई सांगलीत एका दवाखान्यात ईसीजी काढते. शंकरकाका सांगलीच्या मार्केटात हळदीचे अडते, वय पासष्ट. आणि चौथा आमचा बबन. बबनची स्वतःची डॉल्बी आहे. आमच्याकडं डॉल्बी म्हणजे टेम्पोवर रचलेली स्पीकरची भिंत. वरात असो, जयंती असो, बबन आला की खिडक्यांची तावदानं थरथरतात.

महिन्यातल्या एका रविवारी दुपारी बैठक. एकदा उंब्रजला बबनच्या गोडाउनमध्ये, एकदा सांगलीला काकांच्या. नियम दोनच. अल्बम संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही, आणि संपला की प्रत्येकानं एका वाक्यात मत द्यायचं. दुसरं वाक्य काढलं की चहा त्याच्याकडं.

बबनची एकच इच्छा होती. ती त्यानं पहिल्याच बैठकीत सांगितली. "आयुष्यभर लोकांच्या कानात ठोकून ठोकून पैसं मिळवलं. येकदा माझ्या डॉल्बीवर येक शांत अल्बम वाजवायचा हाय. पुरा. आनि तुमी तिघं सोडून येका तरी मानसानं तो शेवटपातुर आईकला पायजे."

"एकच माणूस ना? त्यात काय अवघड!" मी म्हणालो.

लय अवघड निघालं.

*

सायट्रान्सचा पहिला अल्बम लावला तेव्हा शैलाताई डोळे मिटून, मनगटावर बोटं ठेवून बसली होती. आम्हाला वाटलं, बाई समाधीत गेली. संपल्यावर तिनं घड्याळाकडं बघितलं.

"मिनिटाला एकशे पंचेचाळीस, आणि एवढ्या ठोक्यांचा पेशंट आला की आम्ही आधी डॉक्टरांना बोलावतो, मग चप्पल काढायला सांगतो."

काकांचं मत त्याहून जहाल. या अल्बमांमध्ये मध्येच संगीत थांबतं आणि एक घोगऱ्या आवाजाचा गोरा माणूस विश्व, चेतना असलं काहीतरी दोन वाक्यं बोलतो. तुम्ही कुठलाही अल्बम घ्या, तो असतोच. काका म्हणाले, "ह्यो मानूस दर वेळी येतोय, आता बघा म्हणतोय आनि निघून जातोय, पन दाखवत काय न्हाई."

माझं मत विचाराल, तर सायट्रान्स हे गाडी चालवताना ऐकायचं संगीत नव्हे. कराडच्या पुढं एकदा ऐकत निघालो, पोचायचं होतं कासेगावला आणि भानावर आलो तो कासेगाव मागं टाकून पुढच्या टोलनाक्यावर!

*

ॲम्बियंटमध्ये पाण्याचे आवाज फार. ओढा, झरा, टपटप. माझ्या मते ज्याला सूर सुचत नाहीत तो ओढ्याकाठी माइक नेऊन ठेवतो. शैलाताईला मात्र ते लय आवडतं. तिचं आणि माझं यावरून दोन वेळा कडाक्याचं भांडण झालंय. दोन्ही वेळा चहा मलाच पाजावा लागला, कारण दुसरं वाक्य माझंच निघतं.

काकांनी या वादात कधीच बाजू घेतली नाही. ते फक्त सुरुवातीला विचारतात, "पानी हाय का ह्यात?"

हो म्हटलं की उठतात. "मग मी आदी जाऊन येतो."

*

बबनचा पहिला प्रयत्न एका बारशाला. यजमान म्हणाले, लहान बाळ आहे, आवाज जरा बेतानं. बबनला आयतंच निमित्त! पाळणा म्हणून झाला, घुगऱ्या वाटून झाल्या आणि यानं हळूच एक ॲम्बियंट अल्बम सोडला. मऊ, ढगासारखा.

दहा मिनिटांत बाळ झोपलं. पंधरा मिनिटांत बाळाची आई झोपली. विसाव्या मिनिटाला मांडवात भिंतीला टेकून अर्धे पाहुणे आडवे! बबन खूश. त्याला वाटलं, लोक रंगलेत.

यजमान धावत आले. "आरं बंद कर त्ये! साठ पानं मांडून ठिवल्यात, जेवाय कोन उठनार?"

"आईकत हुती की सगळी," बबन नंतर आम्हाला सांगत होता. शैलाताई म्हणाली, "बबन, घोरणारा माणूस ऐकणाऱ्यात धरत नाहीत."

*

आता आमच्या अब्रूचा किस्सा. हा मी एरवी कुणाला सांगत नाही.

बबनचं गोडाउन. नवा ॲम्बियंट अल्बम, अतिशय संथ. चौघं डोळे मिटून पाऊण तास बसलो. संपल्यावर शैलाताई म्हणाली, "सुरुवात ठीक, पण शेवटच्या अर्ध्या तासात तो एकच सूर काय धरलाय, काटा आला!" काका म्हणाले, "ह्या पोराला घाई न्हाई, हे मला आवडलं." मी तर म्हणालो की या सुरात मला एक प्रकारचा गारवा जाणवला.

बबननं उठून मोबाइल बघितला, तर तो बंद. चार्जिंगला लावला तेव्हा कळलं, बॅटरी संपून अल्बम पंधराव्या मिनिटालाच थांबला होता.

मग अर्धा तास आम्ही ऐकलं काय? भिंतीपलीकडं दूध संकलन केंद्र आहे. त्यांच्या दूध गार करायच्या टाकीचा कॉम्प्रेसर!

काका लगेच शेजारी गेले आणि तिथल्या माणसाला म्हणाले, "लय छान वाजतंय तुमचं." तो बिचारा गोंधळला. म्हणाला, "काल मेकॅनिक म्हनत हुता बदला म्हनून."

तुम्ही हसा. पण खरं सांगतो, त्या वर्षात ऐकलेला तो माझा सगळ्यात आवडता अल्बम आहे.

*

दुसरा प्रयत्न वरातीत. शांत अल्बम वरातीत चालणार नाही, निदान सायट्रान्स तरी लावून लोकांचे कान तयार करू, असा बबनचा हिशेब. पोरं नाचायला उभीच होती. यानं नऊ मिनिटांचा ट्रॅक सोडला.

पोरांनी हात वर केले आणि थांबली. गाणं सुरू व्हायची वाट बघत! दोन मिनिटं, तीन मिनिटं, हात वरच. पाचव्या मिनिटाला नवऱ्याचा मामा घामाघूम होऊन टेम्पोवर चढला. "आवं बबनराव, म्युझिक झालं की मगाच! आता गानं लावा!"

"मामा, हेच गानं हाय."

"मग म्हननारा कुटं गेलाय?"

शेवटी बबननं नेहमीचं लावलं. पण नवरदेवाच्या घोडीचा मालक जाताना त्याला बाजूला घेऊन म्हणाला, "मगाचं काय हुतं वो त्ये? घोडी पयल्यांदाच ठेक्यात चालली."

बबननं ती घोडी यादीत धरायची का, असं बैठकीत विचारलं. तीन विरुद्ध एक मतानं नामंजूर झालं.

*

सांगलीजवळ हरिपूरला जुनी पेवं आहेत. पेव म्हणजे हळद साठवायचा जमिनीतला खड्डा, तोंड लहान आणि पोट मोठं. शैलाताईच्या डोक्यात आलं की ॲम्बियंट रिकाम्या पेवात ऐकलं तर काय घुमेल! काकांच्या ओळखीचं एक रिकामं पेव होतं. आत उतरणं धोक्याचं, म्हणून आम्ही बादलीत छोटा स्पीकर ठेवून दोरीनं खाली सोडला आणि तोंडाशी कान लावून पालथे पडलो.

काय घुमलं म्हणून सांगू! आख्खी जमीन गातेय असं वाटत होतं. त्यात त्या अल्बममध्ये एक बाप्या अधूनमधून लांबलचक हुंकार देतो.

वीस मिनिटांनी डोकं वर केलं, तर भोवती सगळी आळी गोळा. एकाच्या हातात दोर, दोघांच्या खांद्यावर शिडी. एक म्हातारा ओरडत होता, "कोन पडलंय? बोलतंय का?"

काका अंग झटकत उठले. "कोन पडलं न्हाई आजोबा. गानं हाय."

म्हाताऱ्यानं वाकून कान दिला. "कन्हतंय की वो!"

"आसंच गातेत ते."

म्हाताऱ्यानं शिडीवाल्यांना हातानंच परत फिरवलं. "मग योग्य जागी टाकलंय. ऱ्हाऊ द्या."

त्या दिवशी परतताना बबन आणि मी एकाच गाडीत होतो. पलूसपाशी तो एकदम म्हणाला, "आपलंच चुकतंय का रं? लोकास्नी नगं आसंल तर आपन का मागं लागायचं?" मला त्याचं लय वाईट वाटलं.

*

त्यानंतर बबननं तो विषय काढला नाही. आणि मग औंधजवळच्या एका गावात त्याला सुपारी मिळाली. फौजेतला एक हवालदार रिटायर होऊन येणार होता. आमच्याकडं जवान रिटायर होऊन आला की गाव त्याला वेशीवरून वाजतगाजत घरी आणतं. उघडी जीप, फुलं, हार आणि पुढं डॉल्बी. मी त्या दिवशी बबनबरोबर टेम्पोत होतो, म्हणून डोळ्यांनी बघितलेलं सांगतो.

तीन तास देशभक्तीची गाणी झाली. मिरवणूक दारात आली. आईनं ओवाळलं. हवालदार गळ्यातले हार उतरवत टेम्पोपाशी आला आणि म्हणाला, "दादा, जरा शांत काय हाय का?"

बबनचा हात थांबला. "किती शांत?"

"लय शांत."

बबननं माझ्याकडं बघितलं. मी नुसती मान हलवली. त्यानं एक ॲम्बियंट अल्बम लावला. त्रेचाळीस मिनिटांचा एकच ट्रॅक. खाली एक लांब सूर आणि वर वारा. नुसता वारा. एवढ्या मोठ्या स्पीकरमधून तो आला तेव्हा पोरांनी खिदळणं थांबवलं.

हवालदारानं ऐकलं आणि घराच्या पायरीवर आईशेजारी जाऊन बसला. "आयं, तू ईचारायचीस न्हवं, वर बर्फात कसं आसतंय? मला फोनवर सांगाय यायचं न्हाई. ह्ये बघ. आसं आसतंय."

दहाव्या मिनिटाला पोरं पांगली. विसाव्या मिनिटाला मागं जेवणाची पंगत बसली, सरपंचही गेले. हवालदारालाही कुणीतरी हात धरून पानावर नेला. पायरीवर एकटी म्हातारी उरली, आमच्याकडं पाठ वळवून, डोक्यावर पदर घेऊन. हलली नाही. बबनचे दोन्ही हात मिक्सरवर आणि डोळे तिच्या पाठीवर. तिसावं मिनिट गेलं. चाळिसावं गेलं. माझ्याच छातीत एकशे पंचेचाळीस ठोके पडत होते.

वारा हळूहळू विरला. संपलं. बबन टेम्पोवरून उतरला, तिच्यासमोर उकिडवा बसला आणि घाबरत घाबरत म्हणाला, "मावशी, पुरं आईकलंत? कसं वाटलं?"

तिनं पदरानं तोंड पुसलं.

"कुटलं आईकलं रं बाबा, मगापास्नं नुसती रडत हुते. आता आईकते. परत लाव."