नारळ फोडतानाचा व्हिडिओ

नोकरीत गुन्हे ढिगानं हाताळले आणि बहुतेक विसरलोही. अंबडच्या त्या कारखान्याचं प्रकरण मात्र विसरता येत नाही, आणि आठवलं की आजही डोकं फिरतं. खून नव्हता, दरोडा नव्हता. सगळं घडलं ते एका आठ आकडी नंबरापायी.

मी तेव्हा नाशिकला आर्थिक गुन्हे शाखेत निरीक्षक होतो. एके दिवशी सकाळी हजेरी नुकतीच आटोपली होती, तेवढ्यात एक कारखानदार वकिलाला घेऊन आले. फिर्याद टाइप करून आणलेली, फाइलला रंगीत चिठ्ठ्या लावलेल्या. ज्याचं खरंच काही लुटलं जातं तो माणूस घामाघूम होऊन येतो, निम्मे कागद घरी विसरतो आणि मधूनच सुरुवात करतो. इतक्या टापटिपीनं आलेल्या फिर्यादीकडं जरा तिरक्या नजरेनं बघावं, हे मी स्वतः नवीन पोरांना शिकवत असे. पण ते येण्याआधीच त्यांच्यासाठी वरून फोन आला होता, त्यामुळे मी चहा मागवला आणि तक्रार लिहून घेतली.

प्रकरण असं होतं. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक मालाला सीमाशुल्क खात्याच्या यादीत एक आठ आकडी नंबर असतो. नंबर बदलला की कर बदलतो. हा कारखाना लिफ्टमध्ये, दवाखान्यातल्या मशिनवर लागणारे डिस्प्ले बसवून द्यायचा आणि त्याचे पॅनल बाहेरून मागवायचा. नुसती काच आली तर तो सुटा भाग, कर कमी. त्याच काचेच्या मागे दिवे आणि सर्किट बसवून आलं तर तो तयार डिस्प्ले, कर जास्त. या कारखान्यानं वर्षानुवर्षं सुटा भाग असंच लिहून माल सोडवला होता. पुरावा म्हणून परदेशी कंपनीचं पत्र जोडलं होतं, ‘आम्ही फक्त काच पाठवतो.’ खात्याला संशय आला, त्यांनी त्या कंपनीला विचारलं. कंपनी म्हणाली, असलं पत्र आम्ही दिलेलंच नाही.

कराचं प्रकरण खात्याचं, ते त्यांनी त्यांच्या पद्धतीनं चालवलं. बनावट पत्राचं प्रकरण आमच्याकडं आलं. आणि फिर्याद घेऊन आलेल्या शेठचं म्हणणं होतं की हा सगळा प्रताप त्यांच्या आयात विभागातल्या बाईंचा आहे. “मी मशीनवाला माणूस. कागदपत्रातलं मला काय कळतं? बाईंवर विश्वास टाकला, तो नडला,” असं ते म्हणाले.

नोटीस दिली तशी बाई दुसऱ्या दिवशी बरोबर दहाला हजर झाल्या. चाळिशीच्या आसपास वय, खांद्याला पर्स, हातात डब्याची पिशवी. इथून परस्पर कामावर जायचं अशा बेतानं आल्या होत्या. नवरा वारलेला, मुलगी बारावीला, राहणं मखमलाबादकडं भावाच्या मळ्यात. भाऊ झेंडू आणि शेवंती करायचा. बाई दहावी शिकलेल्या. नऊ वर्षं लाइनवर पॅनल पुसले, तपासले, मग शेठनं उचलून ऑफिसात बसवलं. व्हिजिटिंग कार्ड छापून दिलं, ‘आयात व्यवस्थापक’. मालाची माहिती खात्याला ज्या डिजिटल सहीनं जायची ती सही त्यांच्या नावावर काढली. सहीची ती पेनड्राइव्हसारखी चावी मात्र शेठच्या केबिनच्या ड्रॉवरमध्ये असायची. हे मला फार उशिरा कळलं.

“पत्र कोणी टाइप केलं?”

“मी.”

“त्यावर परदेशी साहेबाची सही कोणी चिकटवली?”

“मीच. कॉम्प्युटरवर.”

“कोणाच्या सांगण्यावरून?”

त्यांनी नजर फरशीकडं वळवली. म्हणाल्या, “साहेब, दहावी पास बाईला खुर्ची कोण देतं हो?”

मला याहून जास्त काही लागत नव्हतं. अटक दाखवली. महिला हवालदारांनी अंगझडती घेतली, पंचांसमोर कानातलं, घड्याळ, पर्समधलं ते कार्ड लिहून घेतलं. डबा तसाच टेबलावर राहिला. न्यायालयानं दोन दिवसांची कोठडी दिली. संध्याकाळी हवालदार बाई माझ्याकडं येऊन म्हणाल्या, “साहेब, ही बाई खोटं बोलत नाय. पण खरंबी सांगत नाय.” वीस वर्षं कोठडीची ड्युटी केलेली बाई होती ती. मी हं म्हटलं आणि डायरी लिहायला घेतली.

भाऊ फाटकाशी बसून होता. मळ्यातूनच आलेला, चपलेला माती. “साहेब, ती लय भोळी हाय,” एवढंच त्याला सांगायचं होतं. “शेठ बस म्हनला की बसती, ऊठ म्हनला की उठती.” असे भाऊ रोज भेटतात आणि प्रत्येकाची बहीण भोळीच असते, असं मी मनात म्हटलं. लाज वाटते आता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ठाण्याच्या फोनवर एका माणसाचा आवाज आला. मागे मशीनची घरघर होती. “बाईला कशाला धरलंय? शेठ नारळ फोडतो तवाचं बघा ना.” नाव विचारलं तर फोन ठेवला.

बाईंना पुन्हा समोर बसवलं आणि नारळाचं विचारलं. त्यांचा चेहरा उतरला. मग हळूहळू सांगितलं. शेठ देवभोळा. मालाची नवीन खेप आली की फाटकापाशी टेबल मांडायचं, पहिल्या खोक्याला हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा. खोकं शेठ स्वतः उघडणार, पहिला पॅनल स्वतः काढणार आणि वायर लावून पेटवणार. दिवा लागला की खेप लाभली असं ते मानायचे. मग टाळ्या, पेढे आणि त्याचा व्हिडिओ कारखान्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. एकही खेप त्याशिवाय आत गेली नव्हती.

माझ्या लक्षात आलं. नुसती काच पेटत नाही. खोक्यातून काढल्याबरोबर पेटला तर तो तयार डिस्प्ले, आणि तो शेठनं आपल्या हातानं पेटवलेला.

“मोबाइलमध्ये आहेत व्हिडिओ?”

“आहेत.” मग म्हणाल्या, “नको साहेब. शेठचं नाव माझ्या तोंडून नको. उद्या मला कोण कामाला ठेवेल?”

मी खुर्ची पुढं ओढली. “ताई, शेठ तुम्हाला तुरुंगात घालायला निघालाय. पोरीचा विचार करा.”

त्यांनी पदरानं डोळे पुसले. “हे दाखवलं तर मी सुटेन ना, साहेब?”

“सुटाल,” मी म्हणालो. “माझा शब्द.”

पंच बोलावले, पंचनामा झाला, मोबाइल जप्त केला. व्हिडिओत सगळं लख्ख होतं. शेठ सीलबंद खोकं फोडतात, पॅनल काढतात, वायर लावतात, उजेड पडतो. शेठ कॅमेऱ्याकडं बघून म्हणतात, “बघा, काही जोडायचं नाही, काही नाही. काढला की लागला.” आणि त्यांच्या शेजारी हळदकुंकवाचं ताट धरून, नवी साडी नेसून, बाई हसत उभ्या.

शेठना बोलावून व्हिडिओ दाखवला. शांतपणे पूर्ण पाहिला आणि म्हणाले, “इन्स्पेक्टर साहेब, नारळ फोडणं गुन्हा आहे का?”

त्यांना मी आरोपी नंबर दोन केलं. वरिष्ठांनी पाठ थोपटली, प्रशस्तिपत्रही मिळालं. फिर्यादीलाच आरोपी केल्याची बातमी पेपरात आली, ती मी कापून ठेवली होती. पुढं काय झालं ते कुठल्याच पेपरात आलं नाही.

शेठनं खात्याकडं कराचा फरक दंडासकट भरला आणि तिथलं प्रकरण मिटवलं. मग उच्च न्यायालयात गेले. माल काय होता हे आपल्याला ठाऊक होतं, हे ते नाकारतच नव्हते. पण खात्याला काय लिहून दिलं ते आपल्याला माहीत नव्हतं, एवढंच त्यांचं म्हणणं. पत्र त्यांनी टाइप केलं नव्हतं, डिजिटल सही त्यांच्या नावाची नव्हती. बाईंना तोंडी सांगितलं होतं, पण असली माणसं कागदावर कधी काही लिहीत नाहीत. कारखान्यातला एकही माणूस जबाब द्यायला आला नाही. फोनवर बोललेला तो आवाज मी खूप शोधला, सापडला नाही. शेठचं नाव गुन्ह्यातून वगळलं गेलं.

बाईंचं काय? पत्र त्यांनीच टाइप केलं होतं, डिजिटल सही त्यांच्याच नावाची. माल काय आहे हे आपल्याला कळत नव्हतं, एवढा एकच बचाव त्यांच्याकडं उरला होता. तो मी त्यांच्याच मोबाइलमधून काढून घेतला. दिवा लागताना ताट धरून हसणारी बाई कुठल्या तोंडानं म्हणणार की मला माहीत नव्हतं? बचावाचा पुरावा म्हणून मागितलेला व्हिडिओ दोषारोपपत्रात त्यांच्याविरुद्ध लागला. तो लावणारा मीच.

जामीन झाला, नोकरी गेली. मी निवृत्त झालो. या एप्रिलमध्ये साक्षीचं समन्स आलं. कोर्टाच्या व्हरांड्यात बाई भावाबरोबर बाकावर बसल्या होत्या. केस बरेच पांढरे झालेले. मला बघून सवयीनं उठल्या. मुलगी नर्सिंगला आहे म्हणाल्या. मी दिलेल्या शब्दाबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. भावानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही, आणि त्याचं काही चुकलं नाही.

या केसनं मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. आरोपी ज्या माणसाला घाबरतो तो माणूस आपल्या हाती लागणार आहे का, हे आधी बघावं, आणि मगच आरोपीला तोंड उघडायला लावावं. आणि शब्द देऊ नये. पोलिसाच्या हातात तपास असतो, सुटका नसते. हे मला माहीत होतं. नोकरीची तीस वर्षं झाली होती, मी काही नवखा नव्हतो. पण मला शेठला पकडायचं होतं, आणि त्यासाठी मी त्या बाईला वापरलं. शेठनंही तेच केलं होतं. फरक एवढाच की त्यानं निदान खुर्ची दिली होती.

साक्षीत पंचनाम्यावरची माझी सही ओळखली. मोबाइल ओळखला. मग सरकारी वकिलांनी नेहमीचा प्रश्न विचारला, “सदर आरोपी आज कोर्टात हजर आहे का?”

आरोपीच्या जागेवर त्या एकट्याच होत्या. मी हात उचलायच्या आत त्या स्वतःच उठून उभ्या राहिल्या. मी बोट दाखवलं आणि म्हणालो, “होय, हीच ती.”