गाळलेलं वाक्य

"पानी नाही. पाणी. म्हण."

"पानी," मी म्हटलं.

सगळे हसले. सकाळी पेपर वाचायला येणारे चार म्हातारे, काउंटरवरची क्लार्क मुलगी, ग्रंथपाल सर पण. मी मधोमध उभी. हातात माझंच कार्ड. आमच्या वाचनालयाच्या कार्यवाह काकू समोर खुर्चीत. त्यांनी ते कार्ड मलाच बोर्डावरून काढायला लावलं होतं आणि म्हटलं होतं, वाच मोठ्यानं.

"पुन्हा. जीभ वर घे, टाळूला लाव."

मी जीभ वर घेतली. परत पानीच आलं.

"एक ण येत नाही, आणि निघाली लोकांना पुस्तकं सुचवायला!"

परत हसले. काकूंचा नातू हरिशंकरपुरम कॉलनीतून स्कूटीवर त्यांना सोडायला यायचा. तो दारातून ओरडायचा, "आजी, पानी की बोतल गाडीतच राहिली." त्याचं सगळ्यांना कौतुक. ग्वाल्हेरचा मुलगा, हिंदी शाळेतला, तरी मराठी बोलतो बघा. त्याचा न शाळेतून आलेला. माझा न जातीतून.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलं हे जुनं मराठी वाचनालय. मी तिथं अकरा वर्षं परिचर होते. परिचर म्हणजे झाडू, फडकं, चहा. पुस्तकं जागेवर लावायचं कामही माझ्याकडे आलं, कारण कपाटांतली धूळ दुसऱ्या कुणाला सोसत नव्हती. लावता लावता मी वाचायची. उभ्यानं. बसले की कुणीतरी विचारायचंच, काम झालं का सगळं?

काकूंचे पूर्वज दख्खनेतून दरबारात आले. हे त्या प्रत्येक भाषणात सांगायच्या. आमचेही दख्खनेतूनच आले, त्याच फौजेबरोबर. ते घोड्यावर आले, आम्ही घोड्यामागून. आम्ही मेल्या जनावराची कातडी सोलायचो, खोगिरं शिवायचो. त्या खोगिरावर बसायला कुणाला विटाळ होत नव्हता. आम्ही दिलेला पेला मात्र चालत नव्हता. फौज गेली, घोडे गेले. आम्ही शिंदे की छावनीच्या एका गल्लीत राहिलो, पेला तसाच राहिला. वाचनालयात चहा मी करायची, पण काकूंचा कप वेगळ्या कपाटात असायचा आणि तो क्लार्क मुलगी धुवायची. मला वाटायचं, मोठ्या माणसांचं असतं काही. अकरा वर्षं वाटत राहिलं. याची मला आज जास्त लाज वाटते.

मग ती नोटीस लागली. वाचनालयाच्या सगळ्या कर्मचाऱ्यांनी आपलं एकेक आवडतं पुस्तक वाचकांना सुचवावं. लहान मुलं, तरुण, वयस्कर, कुणासाठीही. कार्डावर चार ओळी लिहून बोर्डावर लावाव्या. रविवारी कार्यक्रम. मी नोटीस तीनदा वाचली. 'सगळ्या' लिहिलं होतं. हजेरीच्या रजिस्टरात माझी सही होती, मतलब मी पण कर्मचारी.

सरांनी मुलांसाठी प्राण्यांच्या गोष्टी सुचवल्या. क्लार्क मुलीनं तरुणांसाठी एक रहस्यकथा. मी घरी बसून कार्ड लिहिलं. माझं पुस्तक पातळ होतं, मागच्या कपाटातलं. विहिरी खोदणाऱ्याच्या बायकोनं सांगितलेली तिची हकीकत. नवऱ्यानं विहीर खोदली, पाणी लागलं, आणि त्याच दिवसापासून दोघांना काठावर चढायची बंदी झाली. त्या पुस्तकाच्या मागच्या चिठ्ठीवर एकही तारीख नव्हती. माझ्याशिवाय कुणी ते उघडलंच नव्हतं.

मी लिहिलं, 'हे पुस्तक सगळ्या वयाच्या माणसांनी वाचावं. तहान वय बघत नाही. तहान जात पण बघत नाही, पाणी देणारा बघतो.'

तेच कार्ड काकूंनी मला मोठ्यानं वाचायला लावलं. 'पाणी'पर्यंत आले आणि अडकले. हसून झाल्यावर त्यांनी कार्ड मागितलं. टेबलावर ठेव म्हणाल्या, हातात घेतलं नाही. मग बोट दाखवून म्हणाल्या, "बोर्डावर डाग राहिलाय. पूस."

मी पुसला. हो, पुसला.

घरी आईला सांगितलं. तिनं कंपू भागातल्या दवाखान्यात तीस वर्षं फरश्या पुसल्यात. म्हणाली, "चुप राह बेटा. माझी पन जिंदगी चुप राहून निघाली." ती भाजी चिरत होती. मान वर केली नाही. मी तिच्या मानेकडे बघत बसले. इतकी वर्षं वाकलेली मान. त्या संध्याकाळी मला रडू नाही आलं, राग आला. आईचा नाही. माझा.

रविवारी हॉल भरला. मला चहाचा ट्रे दिला होता. सर बोलले, क्लार्क मुलगी बोलली. शेवटी काकू उठल्या. पैठणी, चष्मा, हातात कागद. म्हणाल्या, "मी आज एक दुर्लक्षित पुस्तक सुचवणार आहे. विहीर खोदणाऱ्याच्या बायकोची कहाणी. परवा सहज हाती लागली." मग कागदावरून वाचलं, "हे पुस्तक सर्व वयाच्या माणसांनी वाचावं. तहान वय बघत नाही."

इथे थांबल्या. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतले पाहुणे म्हणाले, "वा! क्या बात है!"

माझं वाक्य. माझं पुस्तक. आणि जे वाक्य त्यांच्यावर होतं, तेवढंच गाळलेलं.

मी ट्रे पाहुण्यांच्या टेबलावर ठेवला. कप वाजले.

"काकू, पुढचं राहिलं."

"काय?"

"पुढचं वाक्य. मी लिहिलं होतं ना. तहान जात पण बघत नाही, पानी देणारा बघतो." पानीच म्हटलं. मोठ्यानं. कुणी हसलं नाही. "तुमचा कप वेगळ्या कपाटात असतो, तो पण सांगा यांना."

काकूंचा चेहरा पांढरा झाला. "हिला बाहेर काढा."

सर पुढे आले. माझा दंड धरायला हात लांबवला आणि मधेच थांबवला. शिवायचं कसं, हा प्रश्न पडला असावा. तो लटकलेला हात मी बघितला, हॉलमधल्या सगळ्यांनी बघितला. मी स्वतःच्या पायांनी बाहेर आले.

सोमवारी सरांनी सांगितलं, येऊ नकोस. कारण लिहून मागितलं, दिलं नाही. ते पातळ पुस्तक कपाटातून गायब झालं.

मंगळवारी मी सभासद व्हायचा अर्ज मागितला. क्लार्क मुलीनं तो दिला आणि खाली बघत सांगितलं, दोन सभासदांची शिफारस लागते. मी त्या चार म्हाताऱ्यांना विचारलं. तिघांनी पेपर वर केला. चौथे हळूच म्हणाले, "तुझं खरं होतं गं. पण माझी सही नको." खरं होतं म्हणणारा माणूस मला हसणाऱ्यांपेक्षा घाण वाटला.

आता मी आईच्याच दवाखान्यात दुपारपाळी करते. सकाळी दहाला वाचनालयात जाते. वाचनकक्ष सर्वांस खुला, असं दारावर त्यांनीच लिहिलंय. जाते आणि खुर्चीत बसते. समोर कोरा अर्ज ठेवते. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहते. राहू दे.

काकू आल्या की सगळे उठून उभे राहतात. मी उठत नाही. काल त्या माझ्यापाशी थांबल्या. म्हणाल्या, "अजून किती दिवस?"

मी म्हटलं, "सही मिळेपर्यंत. नसेल द्यायची तर नाही म्हणून लिहून द्या. का नाही, ते पण लिहा. पूर्ण वाक्य लिहा."

त्या गेल्या. मी बसून राहिले. आज पण गेले होते. उद्या जाणार.