ॲम्बॅसिडर, मी आणि न विचारलेले अण्णा

उमरग्यात एका बंद पडलेल्या दवाखान्याच्या मागे, बाभळीखाली ती मला सापडली. डॉक्टर वारले होते, मुलगा पुण्याला होता आणि गाडीच्या मागच्या सीटवर एक कोंबडी अंडी घालत होती. मुलगा फोनवर म्हणाला, "घेऊन जा सर, जागा तरी मोकळी होईल." मी त्याला वारसा, जतन, एका युगाची साक्ष वगैरे दहा मिनिटं ऐकवलं. त्यानं ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हो हो. पण कोंबडी शेजाऱ्यांची आहे, ती तिथंच ठेवा."

कोंबडी ठेवून बाकीचं सगळं मी ट्रकवर घालून धाराशिवला आणलं. ट्रकमागून मोटारसायकलवर मी येत होतो, वरातीत नवरीचा भाऊ येतो तसा. घरासमोर गाडी उतरवली तेव्हा बायको बाहेर आली, तिनं एक चक्कर मारली आणि विचारलं, "हिला दारं किती?"

"तीन आहेत. चौथं डिकीत आहे."

ती आत गेली. मग अण्णा, म्हणजे माझे वडील, पोर्चमधल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीतून उठले. कमरेवर हात ठेवून ते वाकले, गाडीखाली बघितलं, टायरला पायानं एक टोला दिला आणि पुन्हा खुर्चीत जाऊन पेपर उघडून बसले. मला वाटलं, गहिवरले असतील. मी त्यांचा मागून एक फोटोही काढला.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. 'समता' हा माझा हातखंडा विषय. त्यावर बोलताना माझा आवाज थोडा घोगरा होतो, असं विद्यार्थी म्हणतात. आणि गेली वीस वर्षं मी स्टाफरूममध्ये सांगत आलोय की माझे वडील सरकारी खात्यात होते. ते खोटं नाही. खात्यात ते साहेबांची गाडी चालवायचे. गाडी कुठली, तर अशीच, पांढरी ॲम्बॅसिडर. पण कुणी 'खात्यात म्हणजे कुठल्या पदावर?' असं विचारलंच, तर मी चहा संपवून तासाला निघून जायचो. माझा तास नसला तरी.

तर मग मी अण्णांनाच का नाही विचारलं? कारण विचारायचं म्हणजे आधी कबूल करायचं. त्यापेक्षा मोबाईलवर एका परदेशी गोऱ्याचे व्हिडिओ बघणं मला सोपं वाटलं. त्याचं गॅरेज आमच्या स्वयंपाकघरापेक्षा स्वच्छ होतं आणि त्याची गाडी आमच्या गाडीची लांबची मावसबहीणसुद्धा लागत नव्हती. पण तो आत्मविश्वासानं बोलायचा, आणि त्या गुणाला मी व्यवसायानंच भुलतो.

पहिल्या रविवारी मी स्क्रू ड्रायव्हरनं गाडीच्या तळाचा गंज खरवडायला घेतला. तिसऱ्या खरवडीला स्क्रू ड्रायव्हर आरपार गेला आणि भोकातून मला आमच्याच अंगणातली फरशी दिसली. त्यानंतर मी जे जे निघेल ते काढत सुटलो. बायकोच्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत सगळे भाग भरून प्रत्येकावर चिठ्ठी लावली. पहिल्या काही डब्यांवर 'कार्बोरेटर', 'हेडलाइटचे स्क्रू' असं लिहिलंय. बाराव्या डब्यापासून पुढं 'डावीकडचं काहीतरी' असं आहे.

महिनाभरात गाडी डब्यांत आणि मी आयोडेक्समध्ये गेलो. शेवटी हायवेवर ट्रकांचं पत्राकाम करणाऱ्या एका मिस्त्रींना घरी बोलावलं. साठीचे, मेंदी लावलेली दाढी, तोंडात कायम सुपारी. त्यांनी दाराचा खालचा पत्रा बोटानं दाबला. बोट आत गेलं.

"सर, ये गाडी न्हाय. चाळण हाय."

"होईल ना नीट?"

"होतंय की. सबर पायजे."

सबर त्यांच्याकडं होता. दर रविवारी ते यायचे, सडलेला पत्रा कापायचे, नवा ठोकून वेल्डिंग करायचे. मी शेजारी उभा राहून पॉलिश पेपर ओला करून द्यायचो. कधी कधी एखादं दार मी स्वतः घासायचो, त्याचा फोटो काढायचो आणि आमच्या प्राध्यापकांच्या ग्रुपवर टाकायचो: 'स्वतःच्या हातांनी इतिहास जिवंत करताना.' लगेच वीस अंगठे. मिस्त्री फोटोत येणार नाहीत, एवढी काळजी मी घ्यायचो. एकदा त्यांच्या मोबाईलवर असा एक फोटो कुणीतरी पाठवला. त्यांनी चष्मा वर करून तो नीट बघितला आणि मला म्हणाले, "सर, कोपऱ्यात माझा हात आलाय बघा. तेवढा बी कापून टाका."

मी हसलो. ते हसले नाहीत.

अण्णा रोज समोरच बसलेले असायचे. पाना घरंगळत त्यांच्या खुर्चीखाली गेला की ते पेपर खाली न घेता नुसते पाय वर उचलायचे. एका रविवारी मिस्त्रींनी ड्रायव्हरच्या जागी बसून क्लच दाबून बघितला आणि मला जवळ बोलावलं.

"सर, तुमचे वालिद डायवर व्हते ना?"

मी पहिल्यांदा कंपाउंडच्या भिंतीकडं बघितलं. पलीकडं कुणी उभं नव्हतं. "हळू बोला," मी म्हणालो. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? मी क्लच दाबला की त्यांचा डावा पाय दबतोय. कवाधरनं बघतोय मी. त्यांनाच विचारा की, आपल्या दोघांपेक्षा त्यांना जास्ती कळतंय."

"त्यांचं वय झालंय आता," मी म्हणालो.

मिस्त्रींनी सुपारी गालात दुसऱ्या बाजूला सरकवली आणि कामाला लागले.

आठव्या महिन्यात गाडीला रंग लागला. मोत्यासारखा पांढरा. इंजिन मी स्वतः जोडलं होतं, गोऱ्याचा व्हिडिओ थांबवून थांबवून. आता ते चालू करण्याचा समारंभ करायचा, असं मी ठरवलं. रविवारी सकाळी कॉलेजातले पाच सहकारी बोलावले, बायकोला पोहे करायला लावले. मिस्त्रींना मात्र बोलावलं नाही. श्रेयाची वाटणी मला नको होती. हे मी तेव्हा स्वतःलाही असं स्पष्ट सांगितलं नव्हतं.

इतिहासाचे प्राध्यापक बोनेटवर हात ठेवून छोटंसं भाषण करून मोकळे झाले. त्यांनी मोबाईलवर चित्रण सुरू केलं. मी चावी फिरवली. इंजिन दोनदा खोकलं आणि कार्बोरेटरमधून असा काही बार निघाला की पोह्यांच्या ताटल्या थरथरल्या. पुन्हा चावी, पुन्हा बार. भिंतीपलीकडून शेजाऱ्यांनी डोकं वर काढलं. "सर, तेरखेड्याचे फटाके आणले का काय?"

तासभर मी तेच करत होतो. घाम डोळ्यांत जात होता. सहकारी पोहे संपवून सल्ल्यांवर आले होते. इंग्रजीच्या प्राध्यापकांच्या मते पेट्रोल शिळं होतं.

"एक, तीन, चार, दोन."

आवाज खुर्चीतून आला होता. सगळे वळले. अण्णांनी पेपरची घडी घातली.

"वायरी. प्लगच्या. तू एक-दोन-तीन-चार अशा लावल्यास. त्या काय तुझ्या वर्गातली पोरं हायत व्हय, हजेरीच्या नंबरानं बसायला? एक, तीन, चार, दोन लाव."

मी लावल्या. चौथी वायर दोनदा निसटली. चावी फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

टाळ्या पडल्या, पण कुणीच माझ्याकडं बघत नव्हतं. इतिहासवाल्यांनी मोबाईल अण्णांकडं वळवला. "काका, तुम्हाला कसं काय माहीत?"

"बत्तीस वर्षं अशीच चालवली की. डायवर होतो साहेबांचा."

पाच जोडी डोळे माझ्याकडं आले. माझा त्या वेळी कुठलाच तास नव्हता.

"वा! म्हणजे तुम्ही या वारशाचे साक्षीदार!" इतिहासवाले पुढं सरसावले. "केवढ्या आठवणी असतील तुमच्या, काका!"

"हायत की. मणक्यात हायत." अण्णा कमरेवर हात ठेवून उठले. "साहेब मीटिंगला जायचे आन् आपण उन्हात गाडीपाशी. लघवीला बी जाता येत नव्हतं, साहेब कवा भायेर येतील काय नेम? एकदा गेलो तर तेवढ्यात आले. मग चार लोकांत लई बोलले. मला ही गाडी कधीच आवडली न्हाय बघा."

इतिहासवाल्यांनी चित्रण बंद केलं. थोड्या वेळानं सगळे चपला शोधायला लागले.

ते गेल्यावर मी अण्णांसमोर पायरीवर बसलो. "आठ महिने तुम्ही बघत होता. एकदा तरी बोलायचं की."

"तू इचारलं न्हाईस."

"पण तरी..."

"आन् मला वाटलं, चालू न्हाय झाली तर बरंच हाय." त्यांनी पेपर पुन्हा उघडला. तो कालचा होता.

यातून मी काही शिकलो असतो तर पुढचं घडलं नसतं. पंधरा दिवसांनी आमच्या मूळ गावी, ईटला, चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं. बायको हळदीसाठी आदल्या दिवशी एसटीनं गेली. अण्णाही एसटीच म्हणत होते, पण मी हट्टच धरला. तेव्हा त्यांनी शांतपणे मागचं दार उघडलं, मागच्या सीटच्या बरोबर मधोमध बसले आणि म्हणाले, "हं. चल."

येडशीचा घाट लागेपर्यंत मला तो प्रसंग हृद्य वाटत होता. मग मागून सूचना सुरू झाल्या. "गिअर पाड." "लई कट मारतोस." "हळू, मी काय उसाची मोळी न्हाय." दोनदा त्यांनी गाडी थांबवायला लावली, दोन्हीदा लघवीसाठी. दुसऱ्यांदा, माझा अंदाज आहे, गरज नव्हती. झाडाशी नुसते उभे राहिले, डोंगर बघितला आणि सावकाश परत आले.

मंडपासमोर गाडी थांबली तशी फोटो काढायला गर्दी झाली. फेटा बांधलेला, नवऱ्या मुलाकडचा एक कार्यकर्ता धावत आला. त्यानं मागचं दार उघडून अण्णांना नमस्कार केला आणि माझ्याकडं वळून म्हणाला, "गाडी तिकडं लिंबाखाली लावा. ड्रायव्हर लोकांचं जेवण मागल्या बाजूला हाय. गर्दी व्हायच्या आत जेवून घ्या."

मला नुसती मान हलवता आली असती. ते न करता मी वर्गातल्या आवाजात म्हणालो, "मी ड्रायव्हर नाही. मी प्राध्यापक आहे. गाडी माझी आहे."

बिचारा ओशाळला. "माफ करा सर. मग ड्रायव्हर कुठं हायत? त्यांना तरी पाठवा जेवायला."

"मी हाय," अण्णा म्हणाले, आणि मंडपाच्या मागच्या बाजूला चालायलाही लागले.

'ते माझे वडील आहेत,' एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण तोवर कार्यकर्त्यानं माझा दंड धरून मला पुढच्या सोफ्यावर नेऊन बसवलं होतं. टॉवेल-टोपी झाली, हातात नारळ आला. माईकवरून पुकारा झाला: धाराशिवहून आलेले प्राध्यापक साहेब, ज्यांनी स्वतःच्या हातांनी जुनी मोटार उभी केली. मी उठून सगळीकडं हात जोडले. हेही सांगितलं पाहिजे की त्या क्षणी मला बरं वाटलं.

बायकोनं मला गाठलं. "अण्णा कुठं आहेत?"

"मागे. जेवायला."

"मागे म्हणजे?"

मी सांगितलं. ती माझ्या चेहऱ्याकडं बघत राहिली, मग हातातल्या नारळाकडं. "तुम्ही बसा तो धरून," असं म्हणून ती निघाली. मीही सोफ्यावरून उठलो.

मंडपामागे चुलाणाच्या कडेला सतरंजीवर सात-आठ ड्रायव्हर जेवत होते. कढईतली पुरी थेट पानात पडत होती. मधोमध अण्णा मांडी घालून बसले होते आणि घाटात ब्रेक फेल झाल्याची कुठली तरी गोष्ट सांगत होते. ती मी कधी ऐकली नव्हती. ऐकणारे जेवायचे थांबले होते. मी टॉवेल-टोपीसकट त्यांच्या मागे उभा राहिलो.

"हे कोण?" एका जीपवाल्यानं विचारलं.

"पोरगं हाय माझं," अण्णा म्हणाले. "बस. उभा का?"

जीपवाला सरकला. मी बसलो. बायको सतरंजीच्या कडेला उभी राहून बघत होती. मग तिनं वाढप्याला हाक मारून माझ्यापुढं पान ठेवायला लावलं. पुऱ्या संपल्या होत्या, म्हणून भात आणि आमटी आली. अण्णांनी गोष्ट पुढं सुरू केली. ती संपली तेव्हा जीपवाल्यानं माझ्याकडं वळून आपुलकीनं विचारलं, "लायसन हेवीचं हाय का तुमचं, ट्रकबिकचं?"

"नाही," मी म्हणालो. "साधंच आहे."

"असू द्या," तो म्हणाला आणि भाताकडं वळला.